चढलेला आकडा

काका : बंद करा हो ते गाणं! छातीत धडधडतंय माझ्या.

फिजिओ : धडधडणारच, काका. यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर चालताय, वर कानात ढोल. दुखतंय का? दम लागतोय?

काका : दुखत नाही. पण ठोक्यांचा आकडा बघा, शंभरी ओलांडली!

फिजिओ : इथवर मुभा आहे. डॉक्टरांनीच ठरवून दिलंय. चाला.

काकू : काय सांगू ताई, यांना झटका येऊन गेला तेव्हापासून घरात रेडिओ बंद. नातीनं नाचायला गाणं लावलं, तर तिच्यावर डोळे वटारले. भांडंसुद्धा मी फडक्यावर ठेवते.

काका : अगं, जन्मभर बस चालवलीय मी. दुरुस्त करून आणलेलं इंजिन रेटायचं नसतं.

फिजिओ : आणि नुसतं उभं ठेवलं तर?

काका : ...तर गंजतं.

फिजिओ : मग? आता पट्टा हळू करते आणि गाणं बदलते. नुसती बासरी. बोलू नका, आकडा बघा.

काका : उतरतोय... ताई, उतरतोय की!

फिजिओ : बराचसा चाल कमी झाली म्हणून, थोडासा बासरीमुळे. संथ सुरांबरोबर श्वास लांबतो, मागोमाग ठोके उतरतात. जलद गाण्यानं चढतात. माझेही चढतात. चढले म्हणजे झटका नव्हे, काका.

काका : मला वाटायचं, चढला की गेलोच. त्या भीतीनं नातीला उचलूनसुद्धा घेतलं नाही. ताई, फार उपकार झाले तुमचे.

फिजिओ : माझे कसले? चाललात तुम्ही. आणि ओढून आणलं काकूंनी.

काका : ते तर आहेच. हिच्यामुळेच... अगं, रडतेस काय?

काकू : कुठे रडतेय? डोळ्यात गेलं काहीतरी.

फिजिओ : काकू, बोट द्या बघू तुमचं.

काकू : मला काय धाड भरलीय?

(फिजिओ यंत्राचा चिमटा काकूंच्या बोटाला लावते.)

काका : अगं! माझ्यापेक्षा जास्त? तू तर खुर्चीत बसलीयस!

काकू : तुम्ही झोपलात की तुमच्या श्वासाकडे कान लावून पडते. जिना तुम्ही चढता, दम मला लागतो.

काका : बोलली नाहीस कधी.

काकू : तुम्हाला घाबरवू? आधीच तोळामासा जीव.

फिजिओ : काकू, डॉक्टरांना दाखवून घेऊ तुम्हालाही. आत्ता मागे टेका, डोळे मिटा. बासरी चालू ठेवते.

काका : मी बसतो इथे, हिच्याजवळ. घाई नाही आम्हाला.

फिजिओ : उतरतोय हं, काका.

काका : उतरू दे सावकाश. अगं, बायकोचे आभार कसे मानतात गं? कधी मानलेच नाहीत.

काकू : काही नको मानायला. हात तेवढा सोडा, आकडा परत वर जातोय.