भिंतीपलीकडचे शेजारी

आईला आता यंत्राचाही उपयोग नाही, असं कानाच्या डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. बाहेरच्या बाकावर बहीण-भाऊ बोलत होते. शेजारी नंबराची वाट पाहत बसलेल्या शिंपीणबाईंना ते ऐकल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“दादा, तुझी ती चार तंतुवाद्यांची रचना काल आईला ऐकवलीस ना?”

“ऐकवली.”

“सगळंच इतकं हळू आवाजाचं का रे लिहितोस?”

“परदेशात खोलीच्या भिंती पातळ. सूर जरा चढला की शेजारी भिंत ठोकायचे. इतक्या वर्षांत हाताला तीच सवय लागली.”

“मग आई काय म्हणाली?”

“डोळे मिटून बसली होती. संपल्यावर म्हणाली, ‘बाळा, लाव की आता.’”

“आवाज वाढवायचास ना.”

“पूर्णच वाढवला होता गं.”