कॅमेऱ्याची काच आणि सासऱ्यांचा चष्मा

मी, कारखान्यात 'कॅमेरावाली' म्हणून ओळखली जाणारी, वय ३२ वर्षे, धंदा नोकरी, राहणार कारखान्यामागील गल्ली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, मिलिंग मशीनवरील कॅमेऱ्याची देखभाल माझ्याकडे आहे. त्या मशीनवर माझे सासरे काम करतात.

प्रत्येक नग झाला की कॅमेरा कटरच्या, म्हणजे धातू कापणाऱ्या फिरत्या पात्याच्या, धारेचा फोटो घेतो. झिजलेली धार उजेडात चकाकते. चकाकणारी पट्टी ठरल्यापेक्षा रुंद दिसली की मशीन आपोआप थांबते.

आज जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन थांबले. कटर गार ठेवणाऱ्या कूलंटचे थेंब काचेवर चकाकले की ते उगाचही थांबते. तसेच असेल असे समजून सासऱ्यांनी काच पुसली. कॅमेऱ्याने 'ठीक' दाखवले. पुढच्याच नगाला कटर फुटला व तुकडा शेजारच्या फिटरच्या दंडात घुसला. टाके पडले आहेत. तो शुद्धीवर आहे. सासऱ्यांनी कॅमेरा मुद्दाम आंधळा केला, अशी मालकांची तक्रार आहे.

कॅमेरा बसवला तेव्हा सासरे सर्वांदेखत म्हणाले होते, "सूनबाई, घरात नजर ठेवतेस ते पुरेना का?" हे मी लपवत नाही. आमचे विळ्याभोपळ्याचे सख्य अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तरीही त्यांनी हे मुद्दाम केले नाही, असे मी छातीठोकपणे सांगते.

त्यांच्या खिशात मशीनचे तेलकट फडके असते. जे हाती लागेल ते त्यानेच पुसतात. घरी त्यावरून रोज वाजते. त्या तेलाने काच धुरकटली आणि पट्टी पुसट झाली. दिसत नसताना 'ठीक आहे' म्हणायची खोड कॅमेऱ्यालाही आहे, हे मी मालकांना दाखवून दिले आहे. मला हाक मारली असती तर काच मी पुसली असती. मारली नाही, ही चूक सासऱ्यांचीच. फिटरच्या डोळ्याला लागले असते तर मी त्यांना माफ केले नसते.

पुरावा म्हणून सासऱ्यांचा चष्मा हजर केला. साहेबांनी तो खिडकीसमोर धरला. दोन्ही काचांवर तोच तेलाचा थर आहे. मालकांनीही पाहिला. चष्मा जमा करताना कोणी पुसू नये.

वरील मजकूर मोठ्याने वाचला गेला, सांगितला तसाच उतरला आहे. चष्मा ठाण्यात राहिल्याने सासऱ्यांना मी हात धरून घरी नेत आहे. त्याविनाही आपल्याला ठीक दिसते, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याची नोंद माझ्या आग्रहावरून घेतली.