सिकंदर शेवटी काय बोलला

नूतन : पण नाना, हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे.

नाना : कोनतं?

नूतन : 'वावर ज्याले झेपी त्याले देजो.' आबा मरताना असं म्हणाले म्हणता ना तुम्ही? सिकंदरही असंच म्हणाला म्हणतात. सरदारांनी विचारलं, राज्य कुणाला? म्हणे, जो सगळ्यात ताकदवान असेल त्याला.

नाना : मंग? मोठा मानूस असंच बोलस.

नूतन : बोलला की नाही हेच कळत नाही. आज आपल्या हातात जे ग्रंथ आहेत, ते तो गेल्यावर तीनशे ते साडेचारशे वर्षांनी लिहिलेले. आणि त्यांतल्याच एकात आहे, सैनिक शेवटचं भेटायला आले तेव्हा त्याची वाचा गेली होती. नुसती डोळ्यांनी ओळख देत होता. मग हे वाक्य कुणाच्या सोयीचं? ज्यांना राज्य हवं होतं त्यांच्या.

नाना : म्हंजे मी चोर का? तुना बाप मना सख्खा भाऊ व्हता. मना ह्या कानस्नी आयकेल शे.

नूतन : कधी?

नाना : संध्याकायले. दवाखानामा मी एकलाच व्हतू.

नूतन : तेच म्हणते. एकटेच होतात. मी भुसावळला पेपर तपासत होते, तेव्हा दुपारीच सिस्टरचा फोन आला, आबांचं बोलणं बंद झालंय म्हणून.

नाना : सिस्टरले काय समजस!

नूतन : आणि हक्कसोडीचा कागद टाइप करूनच आणलात. नाव भूपेंद्रचं. तो वावरात राबतो, मला मान्य आहे. मग पोरासाठी सरळ मागा ना, नाना. आबांच्या तोंडी का घालता?

नाना : बरं. आते मी इचारस. 'नूतन उनी का?' असं भाऊ म्हननात, हे तुले कोनी सांगं?

नूतन : तुम्हीच. मी आले का, असं विचारत होते म्हणालात.

नाना : कव्हयनं? दुपारनं का संध्याकायनं?

नूतन : नाना, ते वेगळं.

नाना : कसं वेगळं? तीच संध्याकाय, तीच खाट, तोच मी. दशक्रियाले सारा गावले रडी रडी सांगं तू, 'आबांनी शेवटी माझं नाव घेतलं' म्हनून. तव्हय नही इचारं, वाचा कव्हय गयी?

नूतन : तेव्हा...

नाना : ते कोना सोयीनं व्हतं, पोरी?

(नूतन उठून दाराशी जाते. शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येतो. ती परत येऊन बसते.)

नाना : म्हंजे दोन्ही खरं, नहीतं दोन्ही खोटं. तू कॉलेजले शिकाडस, तूच सांग. शप्पथ लेऊ का?

नूतन : नको. शपथ नका घेऊ.

नाना : मंग?

नूतन : 'नूतन उनी का?' असंच म्हणाले ना?

नाना : असंच.

नूतन : द्या तो पेन.