जळक्या रानात दोरी कोण नेतं

सहा दिवस तुम्ही चुकीच्या खोऱ्यात माणूस शोधलात आणि काल दुपारी ‘शोध थांबवला’ असा कागद माझ्या दाराला चिकटवून गेलात. दार वाजवायचीही कोणाला सवड झाली नाही. म्हणून आज गुरुवार, ६ नोव्हेंबर, सकाळी आठला मीच शेरीफच्या ठाण्यात आले आहे. नाव-गाव याआधी दोनदा लिहून घेतलंय, तरी पुन्हा लिहा. मी व्हर्ना टॉलिव्हर, वय ५३ वर्षे, शिक्षण आठवीपर्यंत, काम शिकारीचं मांस कापून बांधून देणं, राहणार लिटल ऑटर, टर्नबो काउंटी, मोंटाना. समक्ष हजर राहून सांगते ते असं.

माझा नवरा ओडेल टॉलिव्हर, वय ५८, रस्ता सपाट करायचं यंत्र चालवतो. तो शुक्रवार, २४ ऑक्टोबर रोजी पहाटे पाचला एकटाच एल्क हरणाच्या शिकारीला गेला. बुधवारी, २९ तारखेला, अंधार पडायच्या आत परत येणार होता. आला नाही. गुरुवारी सकाळी सातला मी या ठाण्यात खबर दिली.

जाताना तो फ्रिजवर कागद लावून गेला होता. आमच्याकडे सगळेच लावतात. कुठल्या खोऱ्यात, गाडी कुठे, परत कधी. कागदावर बर्न्ट मिल खोरं लिहिलं होतं आणि गाडी तिथेच मिळाली, म्हणून तुम्ही सहा दिवस बर्न्ट मिल पिंजून काढलंत. डेप्युटी हॅस्किन्स मला म्हणाले, “बाई, नवरा स्वतःच्या हाताने लिहून गेलाय, अजून काय पाहिजे?”

मी म्हणाले, “एल्कची जागा कोणी खरी लिहितं का? गेल्या वर्षी तुम्ही मारलेला नर एल्क मीच कापला. तुम्ही दुकानात सगळ्यांना सांगत होता, पांढऱ्या कड्यावर मारला. मांसाच्या पिशव्यांना लाल माती होती. मी बोलले का काही?”

ते हसले नाहीत. मीही हसवायला बोलले नव्हते.

एकवीस वर्षं मी मांस कापते आहे. चिखल बघून, पिशवीला चिकटलेल्या सुया-पानं बघून कोण कुठे जातो ते मला कळतं. कोणाची जागा मी कोणाला सांगितलेली नाही. एकदा सांगितली. ते पुढे येतं.

ही शिकार आम्ही दोघं अकरा वर्षं मिळून करत होतो. वाटाड्या नाही, घोडे नाहीत, सगळं पाठीवर. फेब्रुवारीत नकाशे जेवणाच्या टेबलावर यायचे ते ऑक्टोबरपर्यंत हलायचे नाहीत. परवान्याचा अर्ज तो भरायचा, जेवणाची पाकिटं मी तोलायचे. ओझ्याचा सराव म्हणून उन्हाळाभर मिठाच्या गोण्या पाठीवर घेऊन टेकडी चढायचो. एल्क मारणं दहा मिनिटांचं काम आहे, खरं काम मग सुरू होतं. बंदुकीचा आवाज आला की आतडी मिळतात, हे आमच्याकडच्या ग्रिझली अस्वलांना कळून चुकलं आहे. म्हणून एकाने कापायचं आणि दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ करून, हातात मिरचीचा फवारा धरून रानाकडे बघत उभं राहायचं. वळून बघायचं नाही. ओडेल कापायचा, मी उभी राहायचे. यंत्राच्या आवाजाने त्याचा डावा कान गेला आहे, म्हणून मी नेहमी त्याच्या डाव्या हाताला. हे तुमच्या कागदात कुठेच आलेलं नाही, ते लिहा.

यंदा मी गेले नाही. त्याचं कारण दोन वर्षांपूर्वीचं आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा लायल स्टाउट, म्हणजे ओडेलचा साडू, सप्टेंबरात दुकानात आला. मी कापत होते.

“काय गं व्हर्ना, ओडेल दर वर्षी नर आणतो, जागा तरी कुठली? की अस्वलंच तुला बघून पळतात?”

“तुझ्या हरणाच्या फासळ्या मोजता येतात, लायल. आधी ते बघ.”

“चल, तुलाही माहीत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून नेतो वाटतं तुला!”

मला राग आला आणि मी जागा सांगितली. राग आला होता, एवढंच कारण. हंगामाच्या पहिल्या दिवशी आम्ही पोचलो तर लायल दोन मित्रांना घेऊन तिथे आधीच उभा. ओडेल गाडीतून उतरलासुद्धा नाही. दोन तासांच्या परतीच्या वाटेत एकदाच बोलला. म्हणाला, “तू आता दुकानातलंच काप.”

त्या वर्षी आणि गेल्या वर्षी आम्ही कुठेच गेलो नाही. या फेब्रुवारीत नकाशे टेबलावर आले नाहीत, गराजमध्ये गेले. मी विचारलं नाही. पाकिटं त्याने स्वतः तोलली. जायच्या दिवशी मी जागी होते, उठले नाही.

आता मुद्द्याचं लिहा. पहिलं. आमच्याकडे एक छोटं यंत्र आहे, ते दर तासाला रानातली जागा माझ्या फोनवर दाखवतं. ते मला स्वयंपाकघराच्या खणात मिळालं. बॅटऱ्या काढून शेजारी ठेवल्या होत्या. तुमचे लोक म्हणाले, विसरला असेल. विसरणारा माणूस बॅटऱ्या काढून ठेवत नाही. मला जागा कळू नये म्हणून ठेवलं.

दुसरं. गराजच्या खुंटीवरून साठ फूट दोरी आणि कप्पी गेली आहे. ती मांस उंच टांगायला लागते, अस्वलाला पोचू नये म्हणून. बर्न्ट मिलचं रान नऊ वर्षांपूर्वी जळलं. तिथे नुसती काळी वठलेली झाडं आहेत, एल्कचा मागचा पाय टांगला तर फांदी हातात येते. जळक्या रानात दोरी कोण नेतं? तो हिरव्या झाडांत गेला आहे.

तिसरं. गराजमधल्या कॅलेंडरच्या मागे त्याने लिहिलंय, “चार खेपा. भरलेलं ओझं वर, रिकामं खाली.” बर्न्ट मिलमध्ये गाडी खाली असते, ओझं उताराला उतरतं. ओझं वर चढवून आणायचं म्हणजे डोंगराची धार ओलांडून पलीकडे उतरलेला माणूस. पलीकडे बिननावाचं खोरं आहे, दाट हिरव्या स्प्रूस झाडांचं. सहा-सात वर्षांपूर्वी धारेवर बसून त्यानेच मला बोटाने दाखवलं होतं. “मांस वर चढवायचं म्हणून कोणी जात नाही बघ तिकडे,” असं म्हणाला होता. गाडी अलीकडे ठेवली ती लायलसारख्यांना फसवायला. फसलात तुम्ही.

चौथं. सोमवारी सकाळी मी त्याच्या गाडीपाशी उभी होते. डोंबकावळे धारेवरून पलीकडे जात होते, सगळे एकाच दिशेला. चाळीसपर्यंत मोजले, मग मोजायचं सोडलं. तुमच्या शोधपथकाच्या माणसाला दाखवले. तो म्हणाला, “पक्षी आहेत, बाई.” ते कशावर जातात ते मला माहीत आहे. त्याने मारलेला नर असेल. मी एवढंच म्हणते आहे.

लायल सहाही दिवस पथकात होता. मंगळवारी घरी आला, टोपी हातात धरून दारात उभा राहिला. म्हणाला, “व्हर्ना, मी त्या वर्षी गेलो नसतो तर...” मी त्याला म्हटलं, “बूट वाळव आणि पुन्हा जा.” त्याच्यावर माझी तक्रार नाही.

शोधायला जाल तेव्हा उजव्या बाजूने हाक मारा. डावीकडून मारलेली त्याला ऐकू येत नाही.

हे सगळं डेप्युटी हॅस्किन्स यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. एके ठिकाणी त्यांनी ‘पती-पत्नीमधील गैरसमज’ असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. गैरसमज नव्हता. मी सांगितली होती जागा. बाकी मी बोलले तसंच उतरलं आहे, म्हणून खाली सही करते.

पलीकडच्या खोऱ्यात माणसं पाठवणार की नाही, ते मला उद्या, शुक्रवार, ७ तारखेला, दुपारी चारच्या आत कळलं पाहिजे. शनिवारी बर्फ सांगितला आहे. दाराला कागद चिकटवू नका, मी इथेच बाकावर बसलेली असेन. पाठवणार नसाल तर मी जाते, वाट मला सापडेल. मग मला एकच माणूस द्या, माझ्याकडे पाठ करून रानाकडे बघत उभा राहणारा. तो कोण, ते चार वाजता सांगा.

सही
व्हर्ना टॉलिव्हर