चव कळत नाही म्हणे!

...आणि वर मलाच म्हणतात, "तुला ना, चवच कळत नाही!" मला! अहो, लग्न झाल्यापासून रोज दोन वेळा ज्या बाईच्या हातचं खाऊन हा माणूस धडधाकट साठी ओलांडून बसलाय, त्या बाईला चव कळत नाही! आणि कशावरून? तर ब्रुअरीच्या त्या दाढीवाल्या मालकाने पुढे केलेल्या इवल्याशा पेल्यातल्या बिअरचा मी एक घोट घेतला आणि म्हटलं, "कडू आहे हो." झालं! सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही मी कुणाच्या मयताला जाऊन हसले. आणि हे लगेच, "अगं, कडू काय कडू? आधी जिभेच्या टोकाला संत्र्याची साल येते, मग मधेच ओल्या लाकडाचा वास, आणि मग मागे, अगदी मागे, एक कोरडी, लांबत जाणारी..." लांबत जाणारी काय? तर कडवट चव! मग मी काय वेगळं म्हटलं होतं?

तर तुम्हाला सांगते, माझं दुखणं बिअरचं नाहीये. प्या ना! निवृत्त झालात, पेन्शन आहे, लिव्हर तुमचं आहे, प्या. माझं दुखणं वेगळं आहे. ह्या माणसाच्या तोंडात इतके शब्द होते, इतके! आणि एवढ्या संसारात त्यातला एकसुद्धा कधी माझ्या ताटाकडे फिरकला नाही. माझ्या वाट्याला काय? तर "ठीक आहे."

म्हणजे कसं, ह्यांचा उभा जन्म गेला लिफ्ट तपासण्यात. लिफ्ट तपासनीस! इमारतीत जायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचा, वर-खाली एक फेरी मारायची आणि मालकाला सांगायचं, "ठीक आहे." तिथे ते शोभतं. लिफ्टला कोण कशाला "अहाहा" म्हणेल? पण घरी येऊनसुद्धा तेच! मी विचारायचे, "भाजी कशी झालीय?" मान खाली, घास तोंडात, "ठीक आहे." अहो, माझी भाजी म्हणजे काय लिफ्ट आहे? पडली नाही, अडकली नाही, माणसं सुखरूप उतरली, म्हणजे ठीक आहे? एकदा माझं मनगट मोडलं होतं, उजवं, कोपरापर्यंत प्लास्टर, आणि मी डाव्या हाताने कांदा चिरून, डाव्या हाताने ढवळून सगळा स्वयंपाक केला. पातेलं टेबलावर आणताना डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याने म्हणा, कांद्याने म्हणा. विचारलं, "कसं झालंय?" "ठीक आहे." आणि वर, "आज कांदा जरा जाड चिरलायस का?" मुलगी मला फोनवर सांगते, "आई, बाबांचा स्वभावच तसा आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस." मीही म्हटलं, जाऊ दे, स्वभाव! एखाद्याला नसतं बोलता येत. मुका माणूस गात नाही म्हणून आपण रागावतो का? इतकी वर्षं मी अशीच स्वतःची समजूत काढली हो...

आणि मग हे निवृत्त झाले आणि मुका माणूस गायला लागला!

त्याचं झालं असं, ह्यांचे दोन मित्र आहेत, एक ऑडिटर आणि एक दाताचे डॉक्टर. दोघेही रिकामे, दोघेही घरात कुणाला नकोत. त्यांनी शोध लावला की गावात जागोजागी छोट्या छोट्या ब्रुअरी निघाल्यात, तिथल्या तिथे बिअर बनवतात आणि चाखायला देतात. ठरलं, दर शनिवारी दुपारी एक ब्रुअरी! आता तिघेही पिणार म्हटल्यावर गाडी कोण चालवणार? तर, "अगं, तू ये की! तेवढाच तुला बदल." बदल! घरी मी ओट्याशी उभी असते, इथे स्टिअरिंगशी बसते, हा बदल.

आणि जागा तरी काय एकेक! मला वाटलं, चांगलं हॉटेल असेल, गाद्या असतील. कुठलं काय? एक जुनं गोदाम, एक बंद पडलेली छापखान्याची शेड, आणि परवाचं तर चक्क गाड्या दुरुस्तीचं गॅरेज! जमिनीवर ऑइलचे डाग तसेच, भिंतीला टायरच्या खुणा तशाच, मागे चकचकीत स्टीलच्या टाक्या, आणि बसायला लोखंडी स्टुलं, पाठ नसलेली. अहो, आमच्या वयात माणसाला मान नसला तरी चालतो, पण पाठीला टेकायला काहीतरी लागतं! आणि मालक, जिथे जावं तिथे दाढीवालाच, एका लांबड्या लाकडी फळीवर सहा छोटे छोटे पेले मांडून आणतो, डावीकडे फिकट, उजवीकडे काळं. आणि हे तिघे त्या फळीवर असे वाकतात, जसं नवं बाळ बघायला आलेत! पेला उजेडात धरायचा, हुंगायचा, गोल गोल फिरवायचा, परत हुंगायचा, मग घोट. तो घोट गिळायचा नाही, तोंडातल्या तोंडात खुळखुळवायचा. घरी चहाचा नुसता आवाज केला तर मुलीला ओरडायचे हे!

आणि मग सुरू! ऑडिटर म्हणतो, "मला जरा बिस्किटाचा भास होतोय." डॉक्टर म्हणतो, "केळं! पिकलेलं केळं!" आणि आमचे हे... डोळे मिटून, छातीवर हात ठेवून, "नाही रे... हे पावाच्या कडेसारखं आहे... नुकताच भट्टीतून काढलेला पाव... आणि त्याच्या मागे कुणीतरी मधाची बाटली उघडून ठेवलीय, दुसऱ्या खोलीत." दुसऱ्या खोलीत! माझ्या हातातला सोडा तसाच राहिला. म्हटलं, हा कोण माणूस आहे? मी ह्याच्याबरोबर एवढी वर्षं राहते? ह्याला दुसऱ्या खोलीतला मध कळतो आणि समोरच्या ताटातली भाजी कळत नाही?

एक तर आंबट होती हो, बिअर, म्हणजे आंबलेली, दातच शिवशिवले माझे. मी तिथल्या दाढीवाल्याच्या कानाशी जाऊन हळूच सांगितलं, "बाळ, ही आंबलीय, गिऱ्हाइकाला देऊ नकोस." तर तो काय म्हणाला? "हो काकू, मुद्दाम! वर्षभर आंबवलीय." मुद्दाम! आणि हे तोंडभरून, "वा! काय चैतन्य आहे!" चैतन्य! माझं एकदा दुधाचं पातेलं नासलं, तर दोन दिवस तोच विषय होता घरात.

पण माणूस वेडा असतो, मला आशा वाटायला लागली. म्हटलं, आता ह्यांची जीभ सुटलीय, तर चार शब्द आपल्याकडेही सांडतील. एका रविवारी काय केलं, पाव कापायची लाकडी फळी घेतली, त्यावर सहा छोट्या वाट्या मांडल्या, प्रत्येकीत वेगळा पदार्थ, डावीकडे फिकट, उजवीकडे गडद, सगळं त्यांच्याच पद्धतीने! सकाळपासून राबले. फळी पुढे ठेवली. ह्यांनी बघितलं, म्हणाले, "हे काय, ताटं घासलेली नाहीत का?" मी म्हटलं, "खाऊन तर बघा." पहिली वाटी उचलली... हुंगली! खरंच हुंगली हो! घास घेतला, डोळे मिटले... मी टेबलाची कड घट्ट धरली... म्हटलं, आलं, आता आलं, पाव आला, मध आला... डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं.

"ठीक आहे."

सहाही वाट्यांना! एकसुद्धा सोडली नाही! त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, खोटं कशाला सांगू? वाट्या घासत घासत रडले.

बरं, आता परवाचं ऐका, त्या गॅरेजमधलं. सहावा पेला, काळाकुट्ट. दाढीवाला म्हणाला, "ह्यातलं धान्य आम्ही लाकडाच्या धुरावर वाळवलंय. सगळ्यांनी एक घोट घ्या, डोळे मिटा, आणि हा धूर तुम्हाला कुठे नेतो ते सांगा." ऑडिटर म्हणाला, "आमच्या कारखान्यातली बॉयलर रूम!" डॉक्टर म्हणाला, "शेजाऱ्यांचं घर जळालं होतं ती दुपार!" आणि हे? पेला परत नाकाशी नेला, परत एक घोट घेतला. आणि मग एकदम घोगऱ्या आवाजात, "सूप... टोमॅटोचं सूप."

मी सोडा खाली ठेवला.

"दादाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आम्ही सगळे त्याच्याकडे मदतीला गेलो होतो. थंडी म्हणजे थंडी! आणि जेवायच्या आधी ते सूप आलं. आधी भाजल्याचा वास, मग गोडसर, मग घशाशी अगदी जरासं तिखट, आणि सगळं गिळून झाल्यावर मागे राहिली ती एक धुरकट कड... अरे, मी ते सूप वाडग्याला बोट लावून चाटून खाल्लं, कुणी बघत नाही ना ते बघून! आयुष्यात तसं दुसरं काही खाल्लं नाही मी. त्यानंतर जिथे जाईन तिथे सूप मागवतो, पण ती चव नाही. आमच्या वहिनीच्या हातचं होतं ते. काय हात होता तिचा!" आणि रुमालाने डोळे पुसले! हे! लिफ्ट तपासनीस!

दाढीवाल्याच्याही डोळ्यांत पाणी. डॉक्टर ह्यांच्या पाठीवर हात फिरवतोय. आणि मी त्या लोखंडी स्टुलावर बसलेय, आणि माझ्या कानांत नुसता झांजांचा आवाज...

कारण ते सूप मी केलं होतं हो!

मी! जाऊबाईंची, म्हणजे ह्यांच्या वहिनींची, त्या दिवशी कंबर धरली होती. त्या दिवसभर आतल्या खोलीत गरम पाण्याची पिशवी घेऊन पडलेल्या. हे दिवसभर औषधांसाठी बाहेर, स्वयंपाकघरात मी एकटी. टोमॅटो भाजायला ठेवले आणि तेवढ्यात ह्यांच्या दादांनी हाक मारली, "जरा उशी सरकवून दे गं," गेले, उशी सरकवली, येऊन बघते तर टोमॅटो एका बाजूने काळे ठिक्कर! घरात दुसरे नाहीत. काय करणार? खरवडले थोडे, बाकीचे तसेच घातले, आणि जीव मुठीत धरून बसले की आता कोण काय बोलतंय! वाढायच्या वेळी जाऊबाई उठल्या, केस नीट केले आणि वाडगे घेऊन बाहेर गेल्या. मी आत करपलेला तवा घासत होते. कुणी त्यांना विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. गेल्या बिचाऱ्या, आता त्यांना काय बोलायचं? पण ती धुरकट कड, जिच्यासाठी हा माणूस गॅरेजमध्ये बसून रडतोय ना, ती माझी होती!

आता तुम्ही म्हणाल, तिथेच का नाही बोललात? नाही बोलले. चारचौघांत नाही. म्हटलं, हे माझं आहे, हे मी एकटीने घेणार. परत येताना ऑडिटरला सोडला, डॉक्टरला सोडला, गाडीत आम्ही दोघंच. सिग्नलला थांबले आणि विचारलं, "अहो, त्या दिवशी नंतर खोलीत मी तुम्हाला विचारलं होतं, सूप कसं होतं म्हणून. आठवतंय?"

"हो."

"काय म्हणालात?"

"ठीक होतं म्हणालो असेन."

"का?"

"अगं, का म्हणजे? वहिनीचं तोंड फाटेस्तोवर कौतुक केलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं ना! तुझ्या मनाचा विचार केला मी."

माझ्या मनाचा विचार! सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, वाजवा म्हटलं, मी गाडी हलवली नाही. सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "ते सूप मी केलं होतं. वहिनी झोपून होत्या. टोमॅटो माझ्या हातून करपले होते."

माझ्याकडे बघत राहिले. अगदी पूर्ण वळून, पट्टा ताणून बघत राहिले. आणि तुम्हाला सांगते, माझं काळीज एवढं धडधडत होतं, एवढं लग्नाच्या दिवशी धडधडलं नव्हतं. कारण आता सुटका नव्हती हो ह्यांची! सगळे शब्द बोलून झाले होते. साक्षीदारांसमोर! बोट लावून चाटलं होतं, डोळे पुसले होते, आता ते फक्त माझ्या नावावर करायचे होते. एवढंच! मान हलवली असती तरी चाललं असतं मला. त्यांनी तोंड उघडलं...

"तू?"

"मी."

जरा विचार केला. जीभ टाळूला लावून बघितली, जशी अजून चव तिथे आहे.

"तरीच!"

"तरीच काय?"

"तरीच म्हटलं, मीठ जरा कमी का होतं."

मागे हॉर्न वाजत होते. मी गिअर टाकला, तेवढ्यात ह्यांना आठवलं, "पुढच्या शनिवारी नदीपलीकडची ब्रुअरी आहे हं, जरा लवकर निघावं लागेल तुला." मी मान वळवली नाही, नजर समोर, हात स्टिअरिंगवर, आणि म्हटलं...

"ठीक आहे."