नोटेवरचे अंगठे

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आमच्या फुलबाजार मंडळाचे कोंडाजी आण्णा. प्रमुख पाहुणे, निवृत्त फौजदार यादवसाहेब. ज्यांना निरोप द्यायला जमलो ते आमचे फोटोवाले वाल्मीकभाऊ. आणि समोर बसलेल्या माझ्या बाजारातल्या आयाबायांनो, बाप्यांनो, सगळ्यांना मंगलाबाईचा नमस्कार. मागं भजी वाटायला लागलेत, ते जरा थांबवा. भज्यांपुढं कोण ऐकतंय माझं?

कोंडाजी आण्णांचं भाषण झालं. भाऊ मनमिळाऊ, भाऊ निर्व्यसनी. अहो आण्णा, निर्व्यसनी माणसं आपल्या बाजारात ढिगानं सापडतील. या माणसानं केलं काय, ते कुणी सांगायचं? स्टुडिओला कुलूप लागलं, ते आता छायाकडं, लेकीकडं, बडोद्याला चालले. मग तोंडावर बोलायचं राहून जाईल.

मी फुलांचे हार करते, तसे नोटांचेही करते. नवरदेवाच्या गळ्यात मामा घालतो ना, तो. कोऱ्या नोटेची पंख्यासारखी घडी घालून जरीच्या फितीवर बसवायची. पण घडी घालायच्या आधी नोट पाटावर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी ताणून घ्यायची, नाहीतर पंखा वाकडा होतो. सासूबाईंची शिकवण. सत्त्याण्णवच्या लग्नसराईत भाऊंनी नेमका तेवढाच फोटो काढला. शंभराची नोट आणि तिच्यावर माझे दोन अंगठे. फुलांच्या देठांनी काळे पडलेले, एकाचं नख फुटलेलं.

मी म्हटलं, "भाऊ, तोंड काय वाईट आहे का माझं? अंगठे कसले काढता?"

तर म्हणाले, "तोंडं सगळेच काढतात, ताई."

तो फोटो त्यांनी दाराएवढा मोठा केला आणि कॉलेज रोडला एका हॉलात फोटोंचं प्रदर्शन होतं, तिथं लावला. लोक येऊन उभे राहून बघायचे. मग एक शहाणा आला. "नोटेचा फोटो काढणं गुन्हा आहे, पोलिसांत देतो." आणि दिलं की! प्रदर्शनवाल्यांची गाळण उडाली. फोटो उतरवून भाऊंना परत दिला आणि म्हणाले, "हा फार डोळ्यांत भरतो हो. लहानसा करून द्या, कोपऱ्यात लावू." भाऊंनी लहान केला, चार-सहा प्रती निगेटिव्हसकट पाकिटात घातल्या.

तेवढ्यात हवालदार स्टुडिओच्या दारात. मोठा फोटो घेतला, लहान फोटोंचं ते पाकीट घेतलं आणि भाऊंना म्हणाला, चला. छाया तेव्हा दहावीला होती, रडायला लागली. मी दुकान तसंच टाकून मागं निघाले. केस झाली असती तर? नोटांच्या भानगडीत सापडलेल्या फोटोवाल्याला तुम्ही लग्नाला बोलावलं असतं का? खरं सांगा.

चौकीत हे यादवसाहेब. आज हार घालून हसतायत, तेव्हा हसत नव्हते. मी गेले तीच बोलत. "साहेब, खऱ्या नोटांचा हार मी भर बाजारात टांगते, त्याला कुणी विचारत नाही. फोटो काढला की गुन्हा?"

साहेब म्हणाले, "बाई, नोटेसारखं काही करून लोकांना फसवू नये, म्हणून कायदा आहे."

"मग इथं फसतंय कोण?" चहावाला बारकू किटली घेऊन उभा होता. मी तो दाराएवढा फोटो त्याच्यापुढं धरला. "ए बारकू, हे घे शंभर, चहाचे कापून घे."

"मावशी, न्यायला बैलगाडी आणू का?"

सगळी चौकी हसली. मला वाटलं, सुटलो.

साहेबांनी पाकिटातला एक लहान फोटो काढला आणि रिकाम्या कपाखाली सरकवला. बारकू कप उचलायला आला, बघितलं आणि वैतागला. "काय साहेब, सकाळी सकाळी शंभराची नोट! सुट्टे कुठून आणू? राहू द्या, मागून द्या."

हसणं बंद. मी तो कागद उचलला. नुसती नोट! माप तेच, रंग तोच. माझे अंगठे कुठायत?

"भाऊ, हे काय?"

भाऊंची मान खाली. "ताई, तुमचे अंगठे बाजारात कुणीही ओळखले असते. तुमचं नाव यात यायला नको, म्हणून अंगठ्याशिवाय नवा फोटो काढला. त्यांनी लहान मागितला, म्हणून लहान केला. पासपोर्ट फोटोसारख्या कडा कापल्या, हाताला सवयच ती."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, तो मोठा फोटो म्हणजे कला होती. तुम्ही बाईंना वाचवायला गेलात आणि नोट करून बसलात!"

मी म्हटलं, "साहेब, मागची बाजू बघा, कोरी आहे. यातला एक तरी बाजारात गेलाय का?" साहेबांनी फोटो उलटून बघितला. त्यांनी सरकारी वकिलांना फोन लावला. भाऊ भिंतीला टेकून उभे. माझीही बोलती बंद. हसू नका आण्णा, खरंच बंद होती.

"फसवायचा इरादा नाही, केस नको म्हणतायत वकील," म्हणत साहेबांनी फोन ठेवला आणि कात्री मागवली. लहान फोटो निगेटिव्हसकट भाऊंकडूनच कापून घेतले, जबाब लिहून घेतला, पुन्हा असलं काही करू नका म्हणून दम भरला. मोठा फोटो माझ्या हातात दिला. "जिथं होता तिथं लावा. कुणी बोललं तर माझ्याकडं पाठवा." आता कायदा काय म्हणतो ते मला विचारू नका, साहेब इथंच बसलेत.

फोटो रिक्षात मावेना. दोघं दोन बाजूंनी धरून कॉलेज रोडला चालत निघालो. भाऊंनी चित्र आतल्या अंगाला धरलं होतं. मी म्हटलं, "फिरवा."

"ताई, लोक बघतील."

"बघू द्या. चोरी केलीय का आपण?"

फिरवला त्यांनी. हॉलात फोटो भिंतीवर चढला, तेव्हा माझं नाव नको म्हणणाऱ्या या माणसानं खिशातलं पेन काढलं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'हात मंगलाबाईंचे, फुलबाजार, नाशिक.' आजवर माझ्या हातचे हार कितीतरी गळ्यांत पडले, पण त्या हातांखाली माझं नाव या एकाच माणसानं लिहिलं.

साहेब, तुमचे आभार. अध्यक्षांचे आभार, मला माइक दिल्याबद्दल. देताना घाबरले होते ते. जिभेला माझ्या हाड नाही, कुणाला लागलं असेल तर लेकीबाळीचं बोलणं म्हणून सोडून द्या. भाऊ, सुखानं जा. लेकीला आमचा आशीर्वाद सांगा.