दाताखालचा सोयाबीन

धंद्याची सवय कशी नडते पाहा. माझ्या पायात रक्ताची गुठळी झाली, अन् मोबाईलवर वाचलं की कच्च्या सोयाबीनमधला एक पदार्थ गुठळी विरघळू देत नाही. जीव टांगणीला लागला. अकोल्यात माझा धंदाच सोयाबीनचा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते प्रयोगशाळेतलं. शिजवलं की त्याचा जोर जातो. कच्चं कोण खातं?"

मी खरं सांगून टाकलं. मालाची ओल पाहायला मी दिवसभर कच्चा दाणाच तर चावतो.

"मग थुंकत जा. अन् गोळी चुकवू नका."

दुसऱ्या दिवशी पातूरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा दाणा चावला अन् लगेच थुंकलो. त्याचा चेहराच उतरला.

"काहून थुकलं शेठ? माल खराब हाय का?"

"माल झकास हाय बापू. पाय खराब हाय माहा."